बागेतली पोपटचोच: हेलिकोनिया लावायचा कसा, सांभाळायचा कसा

नर्सरीत जाऊन 'पॅरट्स बीक द्या' म्हटलं तर हातात काय पडेल याचा नेम नाही. या नावानं निदान तीन वेगळी झाडं ओळखली जातात. एक कॅनरी बेटांमधल्या टेनेरिफचं लोटस बर्थेलोटी. टांगत्या कुंडीतून लोंबणारी राखाडी, सुईसारखी पानं आणि लाल चोची. त्याला गारवा लागतो, रात्री उबदार झाल्या की फुलणं थांबतं, म्हणून पुण्या-नाशकाकडे ते फार तर हिवाळ्यापुरतं. दुसरं ग्मेलिना फिलिपेन्सिस, कमानीवर चढवायचं झुडूप, लोंबत्या माळेतून पिवळी फुलं काढणारं. तिसरा हेलिकोनिया सिट्टॅकोरम. 'सिट्टॅकोरम' म्हणजे लॅटिनमध्ये 'पोपटांचा'. धाकट्या लिनियसनं १७८२ साली दिलेलं नाव. हा लेख या तिसऱ्याबद्दल आहे, कारण आपल्या हवेत वर्षभर टिकणारी आणि घरच्या बागेतून फुलदाणीपर्यंत सहज येणारी पोपटचोच हीच.

आणखी एक गोंधळ आधीच मिटवू. हेलिकोनियाला सर्रास 'बर्ड ऑफ पॅरडाइज' म्हटलं जातं. ते झाड वेगळं, स्ट्रेलिट्झिया. त्याची पानं चामड्यासारखी जाड, फुलात केशरीसोबत ठसठशीत निळा, आणि लावल्यावर फुलायला काही वर्षं घेतो. हेलिकोनियाचं पान केळीच्या पानाची लहान आवृत्ती असतं आणि फुलात निळा रंग नसतो. खात्री हवी असेल तर फूल आलेलंच रोप विकत घ्यावं; नुसत्या पानांवरून जात ओळखणं जाणत्यालाही अवघड जातं.

आधी झाड समजून घ्या

हेलिकोनिया मूळचा कॅरिबियन बेटांचा आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागाचा. नात्यानं तो केळी, आलं, कर्दळ यांच्या गोतावळ्यातला. ज्यानं केळ लावली आहे त्याला अर्धं काम येतंच. जमिनीखाली आडवा पसरणारा कंद, त्यातून वर येणारे मुनवे, आणि सोपटं एकमेकांत गुंडाळून झालेलं खोटं खोड. केळीसारखंच प्रत्येक खोड आयुष्यात एकदाच फुलतं. पाच-सात पानं झाली की शेंड्यातून दांडा येतो, आणि त्यानंतर त्या खोडाकडून पुन्हा फुलाची अपेक्षा नाही. कोंब जमिनीतून वर आल्यापासून फूल दिसेपर्यंत उबदार हवेत साधारण तीन ते चार महिने जातात.

आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत चोच खरं तर बदललेलं पान आहे. खरी फुलं चोचीच्या आत, बारीक नळीसारखी, टोकाला काळपट हिरवा ठिपका असलेली. त्यातलं प्रत्येक फक्त एक दिवस टिकतं. रंगीत पान मात्र दोन-तीन आठवडे तसंच राहतं. अमेरिकेत त्यातला मध हमिंगबर्ड पितात, आपल्याकडे ते काम शिंजीर करतात.

एवढ्यावरून दोन नियम निघतात. पहिला, शेंडा छाटायचा नाही. सोसायट्यांच्या बागांमध्ये मेंदीच्या कुंपणासोबत हेलिकोनियाही सपाट कापलेला दिसतो, आणि मग 'झाड हिरवंगार आहे पण फुलत नाही' अशी तक्रार येते. फूल शेंड्यातच असतं. शेंडा गेला की त्या खोडाचं फूल गेलं. दुसरा, फुलून गेलेलं खोड ठेवायचं नाही. त्याबद्दल पुढे.

कोणता प्रकार घ्यावा

नवख्यानं 'गोल्डन टॉर्च'पासून सुरुवात करावी. हा सिट्टॅकोरम आणि स्पॅथोसर्किनाटा यांचा संकर. सोनेरी पिवळ्या चोची, चार ते सहा फूट उंची, आणि चुका पोटात घालण्याची ताकद. कुंडीसाठी बुटके प्रकार बरे. 'लेडी डाय' (गडद लाल चोच, आत फिकट पिवळी फुलं) दोन-तीन फुटांत राहतो, 'स्ट्रॉबेरीज अँड क्रीम'ही तेवढाच. 'अँड्रोमेडा' लालसर केशरी, कापून ठेवायला उत्तम. 'सॅसी' फिकट गुलाबी-जांभळट, आत केशरी. देखणा आहे, पण पहिल्या वर्षी त्याच्या मागे लागू नये.

लाल-पिवळ्या चोचींची माळ खाली लोंबणारा, माणसापेक्षा उंच हेलिकोनिया दिसला तर तो रोस्ट्राटा. त्याची जागेची भूक वेगळी. फ्लॅटच्या गॅलरीसाठी तो घेऊ नये.

जागा

दिवसाला चार ते सहा तास ऊन, तेही शक्यतो सकाळचं. पूर्ण उन्हात फुलं जास्त येतात, पण पानं फिकट पडतात आणि पाणी व खत दोन्ही जास्त लागतं. दाट सावलीत उलटं: पानं लांबच लांब, गर्द हिरवी, फुलं जवळपास नाहीत. कोकणात आणि गोव्यात नारळाच्या बागेत किंवा कुळागरात (माड-सुपारीच्या मिश्र बागेत) पडणारा गाळीव प्रकाश याला फार मानवतो. साडेसात मीटरवर लावलेले जुने, उंच माड असतील तर मधली मोकळी जागा जणू याच्यासाठीच ठेवलेली असते.

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर आणि वारा कोरडा, तेव्हा पानांच्या कडा करपतात. घराच्या पूर्वेची भिंत किंवा पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी, यांपैकी एक हवंच. थंडीचंही तसंच. पंधरा अंशांखाली वाढ मंदावते, दहाच्या खाली जवळपास थांबते आणि पानं डागाळतात. नाशिक-निफाड भागात डिसेंबर-जानेवारीत झाड रुसल्यासारखं दिसतं. ते मेलेलं नसतं, कंद शाबूत असतो. दुपारनंतरच्या उन्हानं तापणाऱ्या भिंतीजवळ लावलं तर रात्री थोडी ऊब मिळते. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी कुंडीतच ठेवावं आणि थंडीत आत घ्यावं.

माती: खरी लढाई इथे

महाराष्ट्रात हेलिकोनिया बिघडतो तो बहुतेक वेळा मातीमुळे, आणि घाटावर व घाटाखाली बिघडण्याची कारणं अगदी उलट आहेत.

याला किंचित आम्ल माती हवी, सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल हे सांगणारा आकडा) साडेपाच ते साडेसहा. कोकणातली जांभ्याची तांबडी माती आपणहून तशी असते. तिथे काळजी एकच, पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्याची. देशावरची काळी माती विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, तिच्यात चुनखडी. अशा मातीत लोह असतं पण मुळांना उचलता येत नाही, आणि हेलिकोनिया लोहाच्या बाबतीत नाजूक आहे. म्हणून पुणे, सोलापूर, संभाजीनगरकडे लावल्यावर तीन-चार महिन्यांत नवी पानं पिवळी पडू लागतात आणि माणूस आणखी शेणखत घालत बसतो.

लावण्याआधी दोन चाचण्या घरीच करा. मूठभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले, फसफसलं, तर चुनखडी भरपूर आहे. दुसरी चाचणी निचऱ्याची: एक फूट खोल खड्डा करून पाण्यानं भरा, जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दोन-चार तासांत जिरलं तर ठीक. रात्रभर तसंच राहिलं तर तिथे जमिनीच्या पातळीवर लावू नका.

फसफसणाऱ्या मातीत गंधक मिसळून सामू उतरवण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. चुनखडी भरपूर असलेल्या मातीत त्याचा असर टिकत नाही, कारण उतरलेला सामू चुना पुन्हा वर ओढतो. ताक, लिंबूपाणी ओतण्यानं तर दोन दिवसही फरक राहत नाही. त्यापेक्षा विटांची किंवा चिऱ्यांची एक-दीड फूट उंच चौकट बांधून तिच्यात बाहेरून आणलेली लाल माती भरावी. एकदाचा खर्च आहे, पण पुढची कटकट निम्म्यानं कमी होते. विटा सिमेंटनं सांधल्या तर सिमेंटमधला चुना पाझरतो, त्यामुळे आतून जाड प्लॅस्टिकचं अस्तर लावा, तळ मात्र मोकळा ठेवा.

वाफ्यासाठी मिश्रण असं: लाल पोयटा माती दोन भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, कोकोपीट एक भाग, आणि भाताचं तूस किंवा जाड वाळू अर्धा भाग. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुना दोन्ही असतं. चौरस मीटरला दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा. चुलीची राख, अंड्याची टरफलं, हाडांचं खत हे तिन्ही देशावरच्या मातीत या झाडाला देऊ नका. राख आणि टरफलं सामू वाढवतात, हाडांच्या खतातलं जादा स्फुरद (फॉस्फरस) लोहाला आणखी बांधून ठेवतं. याच कारणानं डीएपी हे स्फुरदानं भरलेलं रासायनिक खतही टाळा.

लावणी

वेळ: पाऊस नीट बसल्यावर, जून अखेर ते जुलै. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारी-मार्चही चालतो. ऐन थंडीत लावलेला कंद महिनोन्‌महिने हलत नाही आणि ओल्या मातीत कुजायची भीती वाढते.

१. कंद निवडा. बोटानं दाबून टणक लागला पाहिजे. मऊ, काळपट किंवा आंबूस वासाचा नको. त्यावर निदान एक जिवंत खोड आणि एक फुगलेला डोळा किंवा छोटा कोंब असावा. पिशवीतलं रोप घेत असाल तर पिशवीच्या तळाची मुळं पाहा. पांढरी-पिवळसर मुळं चांगली. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी (मुळं पोखरणारे सूक्ष्म किडे) आहेत, ते रोप दुकानातच ठेवा.

२. खोड सहा ते आठ इंच ठेवून वरचं कापा. पानं ठेवली तर मुळं नसलेला कंद ती पोसू शकत नाही आणि आतलं पाणी उडून जातं. जुनी, सडकी मुळं कात्रीनं काढा. कंद वाहत्या पाण्याखाली धुवा.

३. एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी उपयोगी बुरशी) भुकटी मिसळून त्यात कंद वीस मिनिटं बुडवा, मग सावलीत तासभर सुकू द्या. कापलेली जागा ओली असताना लावण्याची घाई करू नये. कूज तिथूनच शिरते.

४. गादीवाफा करा. देशावर सहा-आठ इंच उंची पुरते, कोकणात एक फूट ठेवा आणि दोन वाफ्यांमध्ये पाणी निघून जायला चर काढा.

५. कंद दोन ते तीन इंचच खोल, कोंब वर येईल असा ठेवा. खोल लावणं ही नवख्यांची नेहमीची चूक. हेलिकोनियाची मुळं उथळ असतात, खोल गाडलेला कंद हवेअभावी बसून राहतो. रोप डोलत असेल तर खोल न लावता काठी लावून बांधा.

६. बुटक्या प्रकारांत दीड फूट, गोल्डन टॉर्चमध्ये दोन ते अडीच फूट अंतर. सुरुवातीला वाफा ओकाबोका दिसेल. जवळ लावून तो भरायचा मोह आवरा, वर्षभरात तो आपसूक भरतो.

७. भरपूर पाणी द्या आणि वर तीन इंच आच्छादन घाला: पालापाचोळा, उसाचं पाचट, नारळाच्या झावळ्यांचे तुकडे, जे मिळेल ते. खोडाला चिकटवू नका, बोटभर मोकळं ठेवा.

नवा कोंब तीन ते सहा आठवड्यांत दिसतो. तोवर रोज उकरून पाहू नये, कोंबाचं टोक फार ठिसूळ असतं.

कुंडीत लावायचं असेल तर

उंच कुंडीपेक्षा रुंद कुंडी. बुटक्या प्रकाराला चौदा इंच व्यासाची, गोल्डन टॉर्चला अठरा इंच व्यासाची ग्रो-बॅग. तळाला पाच-सहा भोकं हवीत आणि कुंडी विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवावी. तळाशी खापऱ्यांचा जाड थर घालण्यापेक्षा भोकांवर एकेक खापरी पुरे. जागा मुळांना द्या. मिश्रण वरचंच, फक्त मातीचा वाटा एक भाग आणि कोकोपीट दोन भाग करा. हलकंही होतं, गच्चीवर ओझंही कमी.

कुंडीत एका वर्षात कंद कडेला टेकतात, मग प्लॅस्टिकची कुंडी फुगते किंवा तडकते. दर वर्षी-दीड वर्षाला काढून विभागणं क्रमप्राप्त आहे. ज्यांना ते नको त्यांनी कुंडीत हेलिकोनिया लावू नये हे बरं.

पाणी

माती कायम वाफशावर हवी: मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी निथळू नये. जमिनीत, आच्छादन असताना, उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी आणि हिवाळ्यात चार-पाच दिवसांनी पुरतं. कुंडीला उन्हाळ्यात रोज, चौदा इंचीला साधारण दीड-दोन लिटर, तळातून थोडं बाहेर येईल इतकं. रोज पेलाभर शिंपडण्यानं वरचा इंचभर भिजतो, आतला कंद कोरडाच.

पाणी कुठलं हेही महत्त्वाचं. बोअरचं जड पाणी महिन्यामागून महिने घातलं की लाल मातीचाही सामू चढतो. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागला की तीच खूण समजा. त्यावर उपाय असा: दोन-तीन महिन्यांतून एकदा कुंडीच्या आकाराच्या दुप्पट गोडं पाणी हळूहळू ओतून क्षार धुऊन काढायचे. पावसाळ्यात हे काम आकाश करून देतं, तेव्हा कुंड्या छपराखाली ओढू नका. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी फेकवत नाही म्हणून झाडांना घालायची चांगली सवय अनेक घरांत आहे. त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार दाटून उतरलेले असतात. फरशी पुसायला वापरा, हेलिकोनियाला नको.

खत

खादाड झाड आहे. मार्च ते ऑक्टोबर दर महिन्याला चौरस मीटरला तीस ग्रॅम १५:१५:१५ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं मिश्रखत) आणि दहा ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश, ओल्या मातीवर पसरून वरून पाणी. चौदा इंची कुंडीला याच्या एक दशांश, म्हणजे तीन ग्रॅम आणि एक ग्रॅम. दोन चमचे जास्त पडले तर पानांच्या कडा जळतात, म्हणून कुंडीसाठी मोजूनच. कोकणात मुसळधार पावसात दिलेलं खत ओढ्याला जातं. जुलैत थांबा, पाऊस उघडला की द्या. वर्षातून दोनदा, जूनच्या आधी आणि ऑक्टोबरमध्ये, दोन इंच कुजलेलं शेणखत वरून. ज्यांना रासायनिक खत नको त्यांनी शेणखताचं प्रमाण दुप्पट करावं आणि महिन्याला मूठभर निंबोळी पेंड द्यावी. फुलं थोडी कमी, झाड तरीही छान.

थंडीत खत बंद.

फुललेलं खोड काढणं

महिन्यातून एकदा बेटात वाकून पाहा. ज्या खोडाच्या मध्यातून दांडा वर आला होता, कापलेला किंवा वाळलेला, ते खोड संपलं. बेट पहिल्या वर्षाचं असेल तर अशा खोडाची पानं हिरवी आहेत तोवर ठेवा. ती कंदाला पोसतात. जुन्या, दाट बेटात मात्र दया नको. फूल काढतानाच खोड जमिनीपासून दोन बोटं ठेवून कापा. ती सोपटं तिथेच बारीक करून आच्छादनात टाकता येतात, फक्त त्यांवर डाग किंवा कीड नको. खोडं काढली नाहीत तर नवे मुनवे सावलीत, दाटीत वाढतात, हवा खेळत नाही, पावसाळ्यात पानांवर डाग पसरतात आणि फुलांची संख्या दुसऱ्या वर्षापासून उतरते. कात्री एका बेटातून दुसऱ्यात नेताना स्पिरिटनं पुसा.

पान पिवळं: कोणतं, कसं?

'पान पिवळं पडतंय, काय घालू?' या प्रश्नाला उत्तर देण्याआधी विचारायचं: नवं की जुनं?

सगळ्यात वरचं, नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या: लोह कमी. फवारणीसाठी चिलेटेड लोह (झाडाला उचलता येईल अशा रूपात बांधलेलं) ईडीटीए प्रकारचं, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, संध्याकाळी. मातीतून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं घ्या, लिटरला एक ग्रॅम, कुंडीला एक लिटर. विम्ल मातीत ईडीटीए टिकत नाही. हे महाग वाटलं तर हिराकस (फेरस सल्फेट) आहे: लिटरला तीन ग्रॅम, त्यात अर्ध्या लिंबाचा रस, गाळून लगेच फवारा. द्रावण तांबूस झालं की निकामी. फरशीवर आणि भिंतीवर पडू देऊ नका, डाग जात नाहीत. नुसता हिराकस चुनखडीच्या मातीत टाकणं म्हणजे पैसे पुरणं. टाकायचाच तर शेणखतात आठवडाभर मुरवून टाका. दोन आठवड्यांनी जुन्या पानाकडे नाही, नव्यानं उलगडणाऱ्या पानाकडे पाहा. ते हिरवं आलं तर औषध लागू पडलं.

खालच्या जुन्या पानांच्या कडा पिवळ्या, मधली शीर आणि तिच्या आजूबाजूचा भाग हिरवा: मॅग्नेशियम कमी. मॅग्नेशियम सल्फेट लिटरला पाच ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा.

खालची पानं एकसारखी फिकट, झाड खुरटं: नत्र कमी, किंवा कुंडीत मुळांना जागा उरलेली नाही.

माती ओली, तरीही झाड मलूल, खोड हातानं ओढलं तर सहज निघून येतं आणि घाण वास: कंदकूज. कारण जवळपास नेहमीच साचलेलं पाणी. सडलेला भाग टणक, पांढऱ्या गराला पोहोचेपर्यंत कापा, ट्रायकोडर्मात बुडवा, नव्या मातीत लावा. त्याच मातीत पुन्हा लावू नका.

अशा वेळी एक तपासणी जरूर करा. ताज्या कापलेल्या खोडाचा तुकडा पारदर्शक पेल्यातल्या पाण्यात उभा धरा. पाच-दहा मिनिटांत कापातून दुधी धागे खाली उतरू लागले तर ती जिवाणूजन्य मर आहे. तिच्यावर घरगुती इलाज नाही. बेट कंदासकट काढून जाळा, कंपोस्टमध्ये टाकू नका, आणि त्या जागी टोमॅटो, वांगी, आलं किंवा केळ लावू नका. यांनाही मर लागू शकते.

किडी

पिठ्या ढेकूण सोपटांच्या सांध्यात लपतो. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की सांधा उघडून पाहा. पाण्याच्या जोरदार धारेनं धुवा, मग लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि एक-दोन मिली पातळ साबण मिसळून आठवड्याच्या अंतरानं तीनदा फवारा. मुंग्या आवरल्या नाहीत तर ढेकूण परत येणारच. लाल कोळी उन्हाळ्यात, कोरड्या गॅलरीत येतात. पानाच्या खाली बारीक जाळी आणि वर फिकट ठिपके. पानाची खालची बाजू दोन दिवसांआड पाण्यानं धुणं हाच मोठा उपाय.

पावसाळ्यात गोगलगायी कोवळी, गुंडाळलेली पानं खातात. पान उलगडलं की एका ओळीत भोकं दिसतात, ती यांचीच. रात्री टॉर्च घेऊन वेचा, किंवा ओलं गोणपाट पसरून ठेवा आणि सकाळी त्याखाली जमलेल्या उचला. हातमोजे घाला. मीठ टाकू नका, ते मातीत उतरून झाडालाच बाधतं. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्यामांजरांच्या जिवावर बेततात, घरात प्राणी असतील तर आणूच नका.

वाऱ्यानं चिरलेली पानं हा रोग नाही. केळीचीही चिरतात.

फूल कापणं

कापल्यावर हेलिकोनियाच्या चोची पुढे उघडत नाहीत. गुलाबासारखी कळी कापून फुलायची वाट बघण्यात अर्थ नाही. दोन-तीन चोची पूर्ण उघडल्या की सकाळी लवकर, दांडा लांब ठेवून कापा आणि बादलीभर पाण्यात लगेच उभा करा. घरात आणल्यावर चोचींमधली वाळलेली बारीक फुलं काढा, मुंग्या असतील तर नळाखाली धरा, दांड्याचं टोक पुन्हा तिरकं कापा. पाणी दोन दिवसांनी बदललं तर दहा दिवस ते दोन आठवडे टिकतं. फ्रिजमध्ये ठेवू नका. उष्ण प्रदेशातलं फूल आहे, दहा अंशांखाली चोची काळवंडतात. गणपतीत आदल्या दिवशी कापून ठेवायचं असेल तर न्हाणीघरातली थंड, अंधारी जागा आणि पाण्याची बादली पुरते.

विभागणी आणि आवर

दोन-तीन वर्षांत बेट मध्यभागी पोकळ होतं, कारण कंद बाहेरच्या दिशेनं सरकत जातात आणि फुलं फक्त कडेला दिसतात. पावसाच्या तोंडावर कुदळीनं अख्खं बेट उचला, कडेचे तरुण कंद दोन-तीन खोडांच्या गटात तोडा, मधले जुने, लाकडासारखे कंद फेका. वाफ्यात नवं खत मिसळून पुन्हा लावा. बियांच्या वाटेला जाऊ नये. संकरित प्रकार बहुधा बी धरत नाहीत, आणि धरलं तरी उगवायला काही महिने लागतात.

कोकणात याचा पसारा हा स्वतंत्र विषय आहे. गोल्डन टॉर्चचे मुनवे वाफा सोडून वाटेवर, शेजारच्या अबोलीत, तुळशीवृंदावनाच्या पायाशी निघतात. लावतानाच वाफ्याच्या कडेनं एक फूट खोल चिरे किंवा जाड पत्रा गाडा. कंद उथळ चालतात, त्याखालून सहसा जात नाहीत. तरी बाहेर आलेला मुनवा नुसता वरून कापला तर पुन्हा फुटतो. खुरप्यानं कंदासकट काढा. काढलेले कंद ओहोळाच्या काठी टाकून देऊ नका, तिथे ते रुजतात. उन्हात कातळावर आठ-दहा दिवस पसरून पूर्ण वाळवा, मगच खड्ड्यात टाका.